नको असेल ते खोडावे

विद्यापीठाला संलग्न असलेल्या कॉलेजांच्या प्रवेशपत्रिकेत जे प्रश्न विचारलेले असतात, त्यांतल्या बहुतेकांची उत्तरे अर्जदाराला काही कळू लागण्यापूर्वीच ठरून गेलेली असल्यामुळे ती लिहिताना त्याला विचार करावा लागत नाही. नाव, वडिलांचे नाव, आडनाव, जन्मतारीख, मूळचा जिल्हा, पालकाचा व्यवसाय, पालकाशी नाते ही सारी स्थळे तो खाली मान घालून, तलाठ्याने पीकपाहणी लिहावी तशा निर्विकार हाताने भरीत जातो. आणि असा तो पानाच्या तळाशी, जेथे आता केवळ सही ठोकून मोकळे व्हावयाचे अशी त्याची समजूत झालेली असते तेथे, येऊन पोहोचतो न पोहोचतो तोच त्याच्यापुढे दोन शब्द उभे राहतात. एक ‘सकाळ’, दुसरा ‘संध्याकाळ’, मध्ये एक तिरपी रेघ. आणि खाली बारीक अक्षरात हुकूम असा की, नको असेल ते खोडावे.

१९५३ सालच्या जून महिन्यात, बी. ए.ची पदवी आणि फोर्टातल्या एका कचेरीतली कारकुनी अशा दोन परस्परांशी फारसा संबंध नसलेल्या वस्तू एकाच वर्षात पदरात पडलेला मी, कायद्याच्या पहिल्या वर्षाचा फॉर्म गुडघ्यावर घेऊन गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गॅलरीत बसलो होतो आणि टाकातली शाई दोनदा वाळून गेली तरी त्या तिरप्या रेघेच्या अलीकडे की पलीकडे जावे याचा उलगडा मला होत नव्हता. वास्तविक आपल्याला काय हवे ते लिहा, असा प्रश्न असता तर मनुष्य काहीतरी लिहून मोकळा झाला असता. पण काय नको ते खोडा म्हटले की खोडल्या जाणाऱ्या शब्दाविषयी मनात एकदम माया उत्पन्न होते. सकाळवर टाक टेकवला की सकाळचा शीतल वारा अंगाला लागे. संध्याकाळवर टेकवला की चौपाटीवरची भेळ आठवे.

भर दिवसाचे, म्हणजे सूर्य डोक्यावर असताना भरणारे वर्ग माझ्यासारख्याच्या वाट्याचे नव्हतेच. ज्याच्या दुपारच्या जेवणाची तजवीज वडिलांनी केलेली असते त्यानेच दुपारी शिकावे, असा विद्यापीठाचा कोठे लिहिलेला नसला तरी कसोशीने पाळला जाणारा नियम होता. ज्यांची दुपार दुसऱ्याला विकलेली असते त्यांच्यासाठी दिवसाची दोन टोके तेवढी शिल्लक राहतात. आणि या टोकांचा मान, खरे पाहता, मधल्या भागाहून मोठा आहे. आमचे मुंबई विद्यापीठ १८५७ सालचे. आणि पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुल्यांनी दिवसभर राबणाऱ्या स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली ती १८५५ साली, म्हणजे मजुरांची रात्र ही पदवीधरांच्या दिवसाला दोन वर्षांनी वडील लागते. मुंबईतच डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज सुरू केले, तेथे नोकरी करणाऱ्यांना कचेरीपूर्वी शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग होते. तेव्हा परंपरा दोन्हीकडे थोर होती, आणि थोर परंपरांमध्ये निवड करावयाची वेळ आली की मध्यमवर्गीय मनुष्य जे करतो ते मी केले. मी वडीलधाऱ्यांचा सल्ला घेतला.

पहिला सल्ला काकांचा. मी ज्यांच्या घरी राहत होतो ते माझे काका म्युनिसिपालिटीतून निवृत्त झालेले होते आणि निवृत्तीवेतनाबरोबर त्यांनी तेथून ‘मुंबई टाइम’ घरी आणला होता. नव्या पिढीला हे प्रकरण ठाऊक नसेल म्हणून खुलासा करतो. सरकारने १९०६ साली सगळ्या देशाला एकच प्रमाणवेळ लावली तेव्हा मुंबईच्या म्युनिसिपालिटीने ती मानण्यास साफ नकार दिला, आणि रेल्वे एका वेळेवर व नगरपिते दुसऱ्या वेळेवर असा एकोणचाळीस मिनिटांचा तंटा या शहरात कित्येक दशके नांदत राहिला. पुढे सगळ्यांनी तो सोडला. काकांनी सोडला नाही. आमच्या भिंतीवरचे घड्याळ एकोणचाळीस मिनिटे मागे असे आणि ते मागे आहे असे कोणी म्हटलेले काकांना खपत नसे. जग एकोणचाळीस मिनिटे घाईत आहे, असे त्यांचे मत होते.

“सकाळचे वर्ग किती वाजता म्हणतोस?”

“साडेसातला.”

“ष्टांडर्ड?”

“हो.”

“म्हणजे सहा एक्कावन,” काका डोळे मिटून म्हणाले. “सहा एक्कावनला सभ्य मनुष्य कायदा शिकत नाही. आणि संध्याकाळचे?”

“सहाला.”

“म्हणजे पाच एकवीस. ती संध्याकाळच नव्हे. विद्यापीठ तुम्हाला फसवते आहे.”

यापलीकडे त्यांनी सल्ला दिला नाही.

दुसरा सल्ला पहिल्या मजल्यावरच्या शास्त्रीबुवांचा. अध्ययन केव्हा करावे यावर आपल्या पूर्वजांनी विचार केलेला असणारच आणि तो शास्त्रीबुवांना मुखोद्गत असणारच, या विश्वासाने मी त्यांच्याकडे गेलो. परंतु पूर्वजांनी मुख्यत्वेकरून अध्ययन केव्हा करू नये याचाच विचार केलेला आढळला. दोन्ही संधिकाळी अध्ययन वर्ज्य. अष्टमीला, चतुर्दशीला, अमावास्येला आणि पौर्णिमेला वर्ज्य. मेघ गर्जत असता, धुळीचे लोट उठले असता, जवळ भांडण चालले असता, कोल्हे, कुत्री किंवा गाढवे ओरडत असता, आणि आडवे पडून, वर्ज्य. शास्त्रीबुवा एकेक बोट मिटीत चालले होते आणि मी ती प्रत्येक बाब आमच्या चाळीला लावून पाहत होतो. कोल्हे वगळले तर यांतले काही ना काही चोवीस तासांपैकी प्रत्येक तासाला हजर असे. शेवटी मी दीनवाण्या स्वरात विचारले, “मग शास्त्रीबुवा, आम्ही शिकावे तरी केव्हा?”

तेव्हा शास्त्रीबुवांनी माझ्याकडे प्रथमच नीट पाहिले. “काय शिकणार आहात?”

“कायदा.”

“मग खुशाल केव्हाही शिका,” ते म्हणाले. “हे निर्बंध वेदांचे. कायद्याला अनध्याय नाही.”

तिसरे मत आमच्या हेडक्लार्कांचे. ते रावसाहेब नव्हते, पण पाहताक्षणीच रावसाहेब वाटत. त्यांनी फॉर्म हातात घेऊन, तो एखादे बेहिशेबी व्हाउचर असावे तसा उलटापालटा करून पाहिला आणि फक्त एवढेच विचारले, “कचेरी साडेदहाला भरते आणि साडेपाचला सुटते हे आपल्याला माहीत आहे ना?” या प्रश्नात तीन लेटमार्कांना एक किरकोळ रजा कापण्याचा जो नियम आमच्याकडे होता तो पूर्णपणे व्यक्त झालेला होता. संध्याकाळी कचेरीतून साडेपाचला उठणे हे फक्त नियमाने शक्य होते. हेडक्लार्क उठल्याशिवाय उठणे चालीरीतीला धरून नव्हते. आणि हेडक्लार्क तर घरी जावयास फारसे उत्सुक नसत. त्यामुळे मी संध्याकाळ खोडली. काकूचे मत मी घेतले नाही. कारण काकू कधी शाळेत गेली नव्हती, आणि या विषयाशी तिचा काही संबंध असेल असे मला त्या वेळी वाटले नव्हते.

सकाळच्या वर्गाची मूळ कल्पना अशी की मनुष्य रात्री दहाला झोपतो आणि ब्राह्ममुहूर्तावर टवटवीत होऊन उठतो. ही कल्पना ज्याने काढली तो गिरगावात राहत नसावा. आमच्या चाळीत रात्री दहाला दिवसाचा तिसरा प्रहर चालू असे. दहापर्यंत रेडिओ, दहानंतर रेडिओवर काय लागले होते यावर चर्चा, गुरुवारी तळमजल्यावर भजन, इतर वारी सोंगट्या. आणि हे सगळे आटोपून गॅलरीत माणसे पसरली की मग डासांचे अधिवेशन सुरू होई. जरा कुठे डोळा लागतो न लागतो तोच नळाला पाणी येई. नळ हा आमच्या चाळीचा खरा कुलगुरू होता. तो पहाटे पाचाच्या सुमारास खाकरे, सहा साडेसहापर्यंत बारीक धारेने बोले आणि मग सकाळच्या सगळ्या कामांवर पाणी सोडून निघून जाई. घरात तरणाताठा पुरुष मी एकटाच, तेव्हा दोन पिंपे, एक हंडा आणि तीन बादल्या भरण्याचा मक्ता साहजिकच माझ्याकडे होता.

पाणी भरून, तांब्याभर अंगावर घेऊन, भिंतीवरच्या घड्याळात साडेसहा वाजलेले पाहून मी समाधानाने चहा पीत बसे; आणि एकोणचाळीस मिनिटांचा तंटा आठवताच तो चहा अर्धवट टाकून चर्नी रोड स्टेशनाकडे धावत सुटे. वाटेवर आरेच्या दूधकेंद्रापुढे बाटल्या घेऊन माणसांची रांग लागलेली असे आणि आत कॉलेजातल्या मुली, दिवसाचे वर्ग सुरू होण्यापूर्वीची आपली नोकरी करीत, झपाझप कार्डे पाहत असत. आपल्याहूनही लवकर कामाला लागलेले विद्यार्थी या शहरात आहेत हे पाहून मला धीर येई, पण तो फारतर मरीन लाइन्सपर्यंत पुरे.

वर्गात पहिल्या चार बाकांवर परीटघडीचे कपडे घातलेले, सॉलिसिटरांचे मुलगे आणि पुतणे असत. ते ताजे होते. त्यांच्या घरी पाणी आपले आपण येत असावे. आमचे प्राध्यापक हायकोर्टात प्रॅक्टिस करणारे वकील; त्यांना अकराला कोर्टात उभे राहावयाचे असल्यामुळे त्यांचा एक डोळा मनगटावर आणि मन ब्रीफात असे, आणि कायद्याची तत्त्वे ते आगगाडी सुटता सुटता खिडकीतून सांगितलेल्या निरोपासारखी सांगत. टॉर्ट्सच्या तासाला, डनहू विरुद्ध स्टीव्हन्सन हा सुप्रसिद्ध खटला त्यांनी आम्हाला दहा मिनिटांत सांगून टाकला. स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावी १९२८ साली एका बाईने उपाहारगृहात जिंजर-बिअर घेतली. बाटली गडद काचेची. त्यातून म्हणे कुजलेली गोगलगाय निघाली. बाई आजारी पडली. १९३२ साली लॉर्डांच्या सभेने ठरवले की माल बनवणाऱ्यावर तो वापरणाऱ्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी असते, मग त्या दोघांत करार असो वा नसो. पहिल्या चार बाकांनी ते उतरून घेतले. मी गोगलगायीपर्यंत जागा होतो.

जी झोप वर्गात अपुरी राही ती कचेरीत पूर्ण करावी लागे. मी टेबलावर डोके ठेवून झोपत नसे. अशी अशिष्ट झोप मी कधीही घेतली नाही. उजव्या हातात टाक, डाव्या हाताखाली रजिस्टर आणि दृष्टी मजकुरावर अशा अवस्थेत मी झोपे, आणि त्याचा पुरावा फक्त एवढाच राही की ‘सदरहू’ या शब्दातला शेवटचा उकार कधी कधी पानाच्या तळापर्यंत उतरत जाई. चौथ्या आठवड्यात हेडक्लार्कांनी मला बोलावून असा एक उकार दाखवला. तो पुढल्या तीन नोंदींमधून गेला होता.

त्यानंतर वर्ग बदलून घेण्यावाचून गत्यंतर उरले नाही. कॉलेजच्या दफ्तरातल्या गृहस्थांनी सांगितले की अर्ज करा, पण सबळ कारण द्या. बदली, आजारपण किंवा कुटुंबातली आपत्ती ही सबळ कारणे. झोप हे कारण यादीत नव्हते. तेव्हा हेडक्लार्कांनीच, आणि त्यांच्याविषयी जे जे मागे मनात आले ते सर्व मी येथे परत घेतो, आपल्या दस्तुरखुद्द एक दाखला लिहून दिला. इंग्रजीतल्या त्या दाखल्याचा मथितार्थ असा की, मजकूर इसम हा या कचेरीत इमानाने काम करतो. तथापि सकाळच्या वर्गास गेल्यापासून त्याच्या हस्ताक्षरात फेरफार दिसून येत आहे. सबब त्यास संध्याकाळचे वर्गात घेतल्यास कचेरीची हरकत नाही, आणि त्यास रोज साडेपाचाला सोडण्यात येईल. प्रिन्सिपलसाहेबांनी तो दाखला दोनदा वाचून मंजुरीची सही केली. जी परवानगी मिळणार नाही अशा समजुतीने मी संध्याकाळ खोडली होती ती, मी नीट झोपलो असतो तर, मला जन्मात मिळाली नसती.

साडेपाचाला कचेरी सोडून ओव्हल मैदान ओलांडीत चर्चगेटच्या बाजूस चालत जाताना डाव्या खांद्यामागे राजाबाई टॉवर राही. हा मनोरा प्रेमचंद रायचंदांच्या देणगीतून १८७८ साली पुरा झाला आणि त्याला त्यांच्या मातोश्रींचे नाव दिले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. असेही सांगतात की त्या वृद्ध बाईंना दिसत नसे, आणि जैन धर्माप्रमाणे सूर्यास्तापूर्वी जेवण उरकावयाचे असल्यामुळे संध्याकाळची वेळ त्यांना या घड्याळाच्या टोल्यांवरून कळत असे. ही कथा मला रोज नेमकी त्या वेळी आठवे, कारण ज्या टोल्यांनी राजाबाई जेवायला बसत त्याच टोल्यांनी मी उपाशी वर्गाला जात होतो. विद्यापीठाच्या आवारातले सर्वांत उंच घड्याळ जेवणाच्या वेळेसाठी उभारलेले आहे, ही गोष्ट संध्याकाळच्या विद्यार्थ्याशिवाय कोणाच्या लक्षात राहील असे मला वाटत नाही.

संध्याकाळचा वर्ग मी प्रथम ऐकला आणि मग पाहिला. प्राध्यापक आत आले, सगळे उभे राहिले, आणि त्या सरशी खोलीभर एक विलक्षण मंजुळ नाद उठला. देवळात एकदम पुष्कळशा बारीक घंटा हलाव्यात तसा. तो जेवणाच्या रिकाम्या डब्यांमधल्या चमच्यांचा होता. पन्नास-साठ पिशव्या, पिशव्यांत अॅल्युमिनियमचे डबे, डब्यांत एकेक चमचा. पुढे मला कळले की अनुभवी मंडळी चमच्याला रुमाल गुंडाळून ठेवतात, म्हणजे तास संपण्यापूर्वी मागच्या दाराने निघताना आवाज होत नाही.

या वर्गात सॉलिसिटरांचे मुलगे नव्हते. बँकेतले होते, कस्टम्समधले होते, रेल्वेच्या मालधक्क्यावरचे होते. एक प्राथमिक शिक्षक होते, ते दिवसभर पोरांना उभे करून दमलेले असल्यामुळे आपण स्वतः उभे राहण्यास नाखूष असत. आणि डोक्यावरची टोपी काढली तरी बसण्याच्या ताठपणावरून ओळखू येणारे एक पोलिसखात्यातले गृहस्थ होते. सरासरी वय तिशीच्या पुढचे. प्राध्यापकही निराळे होते. सकाळचे प्राध्यापक कोर्टात जावयाचे असत, संध्याकाळचे कोर्टातून आलेले असत. आणि कायद्याविषयी बोलताना, ज्याला आज अकरा वाजता न्याय मिळेलसे वाटते तो, आणि ज्याला पाच वाजता तो मिळालेला नाही तो, या दोघांच्या भाषेत पुष्कळ अंतर पडते. पांढरे बँड सैल करून, खुर्चीवर मागे रेलून ते म्हणत, “पुस्तकात असे लिहिले आहे,” आणि मग थोडा वेळ गप्प बसत.

येथे मी डनहू विरुद्ध स्टीव्हन्सन पुन्हा ऐकला. दहा मिनिटांचा तो खटला आमच्या वर्गात दोन संध्याकाळी पुरला. गोगलगाय बाटलीतून बाहेर येते न येते तोच कस्टम्सवाल्यांनी विचारले की बाटलीचे पैसे कोणी दिले होते. प्राध्यापक म्हणाले, बाईंच्या मैत्रिणीने, आणि म्हणूनच दुकानदाराशी बाईंचा करार झाला नव्हता. यावर मागच्या बाकावरून, दुसऱ्याच्या पैशाने पिणाऱ्याने तक्रार करणे शोभते काय, असा मुद्दा निघाला. मालधक्क्यावरच्या गृहस्थांनी, असली बाटली फुटून आली असती तर कोणाच्या नावे दाखवली असती हे सविस्तर सांगितले. पोलिसखाते इतका वेळ ताठ बसले होते, ते उभे राहून म्हणाले, “गोगलगायीचा पंचनामा झाला होता का?”

प्राध्यापकांनी डोळे मिटून घेतले. वास्तविक तो प्रश्न त्या खटल्याच्या मर्मावरच होता, कारण लॉर्डांच्या सभेपुढे प्रश्न होता तो गोगलगाय निघाली असे धरून चालल्यास दावा चालेल की नाही एवढाच. पुढे पुराव्याची वेळ येण्यापूर्वीच प्रकरण आपसात मिटले आणि बाटलीत गोगलगाय होती की नव्हती हे कोणत्याही कोर्टात कधी सिद्धच झाले नाही. ज्या प्राण्याच्या पायावर निष्काळजीपणाचा सगळा आधुनिक कायदा उभा आहे तो प्राणी प्रत्यक्षात होता असे कोणी शपथेवर सांगू शकत नाही, हे सकाळच्या वर्गात मला कोणी सांगितले नव्हते. किंवा सांगितले असल्यास मी झोपेत होतो.

त्याच खटल्यात लॉर्ड अॅटकिन यांनी, कायद्याच्या दृष्टीने आपला शेजारी कोण, हा प्रश्न उपस्थित करून त्याचे उत्तर दिलेले आहे. ते फार गाजले. आमच्या वर्गात मात्र ते गाजेना. गिरगाव, परळ आणि लालबाग येथून आलेल्या पन्नास-साठ माणसांना शेजारी कोण हे सांगण्यासाठी लॉर्डांची सभा भरवावी लागते, याचेच सर्वांना आश्चर्य वाटले.

या वर्गातले ज्यांना रत्न म्हणता येईल असे गृहस्थ खिडकीजवळ बसत. चाळिशी उलटलेली, डोक्यावर काळी टोपी, आणि मांडीवर पिशवीऐवजी टेपने बांधलेली कागदपत्रांची थप्पी. त्यांच्या घरमालकाने स्वतःच्या वापरासाठी जागा हवी म्हणून त्यांच्यावर लघुवाद न्यायालयात दावा लावला होता. त्यांनी वकील केला. वकिलाची फी पाहिली. आणि त्यापेक्षा आपणच वकील होणे स्वस्त पडेल असा हिशेब करून कॉलेजात नाव घातले. १९४७ चा भाडेनियंत्रणाचा कायदा त्यांना शास्त्रीबुवांच्या वेदांसारखा पाठ होता. कलम बारा म्हणताना त्यांचा चेहरा उजळे, कारण भाडे देण्यास तयार असलेल्या भाडेकरूला त्यात अभय होते. कलम तेरा म्हणताना आवाज उतरे, कारण घरमालकाला जागा परत मागण्याची कारणे त्यात होती. या दोन कलमांच्या बाहेर कायदा नावाची काही वस्तू आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. रोमन लॉच्या तासाला, रोमन कुटुंबप्रमुखाला मुलाबाळांवर केवढी सत्ता असे याचे वर्णन चालू असता त्यांनी हात वर करून विचारले होते की, त्या लोकांत पागडीची पद्धत होती काय.

एकदा खारे दाणे खाता खाता मी त्यांना विचारले, “अहो, आपण सकाळच्या वर्गाला का नाही गेलात? कचेरीतून थेट घरी जाता आले असते.”

त्यांनी पुडीतला शेवटचा दाणा शोधून काढला. “सकाळी घरमालक जिन्यात बसलेला असतो,” ते म्हणाले. “संध्याकाळी साडेआठनंतर जेवायला वर जातो.”

फेब्रुवारीत त्यांच्या दाव्याचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. सर्वांना पेढे मिळाले. प्राध्यापकांनी दोन घेतले. आता हे येणार नाहीत असे आम्ही धरून चाललो, कारण ज्या कारणासाठी ते आले होते ते आता उरले नव्हते. दुसऱ्या दिवशी सहाला ते खिडकीजवळ हजर. मांडीवर थप्पी नव्हती, त्यामुळे हात कोठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हते. मी विचारण्यापूर्वीच ते काहीसे ओशाळून म्हणाले, “आठ महिन्यांत घरी संध्याकाळची सवय राहिली नाही. काल गेलो होतो. मुलं अभ्यास करत होती, ही पोथी वाचत होती. कोणी उठून जागा द्यावी की काय, अशा विचारात सगळी माझ्याकडे पाहत राहिली.”

परीक्षा मात्र भर दुपारी झाली. सकाळवाल्यांना आणि संध्याकाळवाल्यांना विद्यापीठाने अकरा वाजता एकाच मांडवाखाली आणले, आणि जी वेळ आम्हांपैकी कोणीच शिकण्यासाठी वापरलेली नव्हती त्या वेळी काय शिकलात ते विचारले. माझ्या डोक्यातला कायदा सहाच्या आत जागा होत नसे. टॉर्ट्सच्या पेपरात गोगलगायीवर प्रश्न आला, आणि ती सिद्ध न झाल्याचे लिहिता लिहिता मी एवढा रंगलो की तत्त्व लिहावयाचे राहून गेले. तरी मी पास झालो. खिडकीजवळचे गृहस्थही पास झाले. त्यांनी रोमन लॉच्या एका उत्तरात कलम बारा घातले होते असे ते स्वतः सांगत, पण तपासणाऱ्याने त्यावर हरकत घेतलेली दिसत नाही. तोही भाडेकरूच असावा.

संध्याकाळी वर्ग सुटून घरी पोहोचेपर्यंत पावणेनऊ वाजत. दार उघडले की काका भिंतीकडे पाहून म्हणत, “आठ सहा. आज लवकर आलास.” सगळ्या दिवसात मला लवकर आलास म्हणणारे ते एकटेच होते, आणि त्या घड्याळाविरुद्ध मी पुन्हा कधी बोललो नाही.

जून आला, आणि दुसऱ्या वर्षाचा फॉर्म आला. नाव, वडिलांचे नाव, आडनाव, जन्मतारीख झपाट्याने भरीत मी तळाशी आलो. तेच दोन शब्द, तीच तिरपी रेघ. मधल्या काळात हेडक्लार्कांना पेन्शन लागले होते. त्यांच्या जागी आलेले गृहस्थ साडेसातपर्यंत बसत आणि दाखले देण्याच्या विरुद्ध होते. काका दुपारच्या झोपेत होते, शास्त्रीबुवा गावी गेले होते. काकू समोर पाटावर बसून तांदूळ निवडीत होती. काहीशा चेष्टेने आणि काहीशा नाइलाजाने मी फॉर्म तिच्यापुढे धरला, दोन्ही शब्दांचा अर्थ सांगितला, आणि यांतले नको असेल ते खोडावयाचे आहे, असे म्हणालो.

काकूने सुपातला एक खडा उचलून गॅलरीबाहेर टाकला.

“दोन्ही खोड,” ती म्हणाली. “तू सकाळी गेलास तेव्हा झोपेत पाणी भरत होतास, पिंप अर्धंच भरायचं. संध्याकाळी गेलास तेव्हा निजायला बारा वाजायचे, मग उठेपर्यंत नळ जायचा. वर्षभर मीच भरलंय. विचारलंस का कधी? आणि आता बसून राहू नकोस, आज दुपारचं पाणी सोडणार आहेत म्हणे. ऐक, खाकरतोय बघ तो.”

मी फॉर्म घडी करून खिशात घातला आणि हंडा उचलला.